मागितलेली किंमत मिळत असूनही मी त्याला गाडी दिली नाही

जुनी गाडी विकायची म्हटलं की सगळे सल्ले एकाच बाजूचे मिळतात, म्हणजे फोटो कसे काढायचे, किंमत थोडी चढी सांगायची म्हणजे घासाघिशीला जागा राहते, टोकन घेतल्याशिवाय गाडी कोणासाठी अडकवून ठेवायची नाही वगैरे. घेणाऱ्यासाठीही असतात, बॉनेट उघडून काय बघायचं, इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघायचं. पण विकणाऱ्यानं समोरचा माणूस गाडी कशी चालवतो हे बघायचं का, आणि बघून पटलं नाही तर पुढे काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्यावर नेमकी तीच वेळ आली. म्हणून जसं झालं तसं लिहितेय, थोडं लांबेल.

गाडी म्हणजे बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढे दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, पण गाडी घसरायला लागली तर स्वतःहून सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल वगैरे काही नाही. पहिल्यापासून मीच चालवलेली, त्यामुळे तिची प्रत्येक कुरबुर मला पाठ. विकायच्या आधी ब्रेक ऑइल बदलून घेतलं (ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि मग ब्रेक खूप तापले की पेडल मऊ लागतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं), हँडब्रेक ॲडजस्ट करून घेतला, हेडलाइटच्या काचा पॉलिश केल्या. क्लच वर उचलतो, म्हणजे पेडल बरंच वर सोडल्यावरच गाडी पुढे सरकते, हे मला माहीत होतं, उजव्या बाजूचा मागचा शॉकॲब्सॉर्बर खड्ड्यात आवाज करतो हेही माहीत होतं. आणि मागचे दोन टायर. नक्षी बघितली तर भरपूर शिल्लक, कोणीही म्हणेल काय मस्त टायर आहेत, पण टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात ना, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला, ते वाचले की खरं वय कळतं. माझे मागचे दोन वयानं झाले होते, रबर कडक झालेलं. मेकॅनिक म्हणाला, ताई, हे कशाला सांगत बसताय, ज्याला बघायचंय तो बघेल. मी जाहिरातीतच लिहून टाकलं, क्लच, शॉकॲब्सॉर्बर, टायर, तिन्ही.

तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रामाणिकपणे गाडी विकणं म्हणजे एवढंच होतं, गाडीतलं काही लपवायचं नाही. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन हे मांडलं होतं, की विकणाऱ्याला गाडी आतून माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि या एका फरकामुळे अख्खा बाजार बिघडतो, त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेलही विभागून मिळालं. ते वाचलेलं लक्षात होतं, त्यामुळे मला वाटायचं आपल्याकडे जी माहिती आहे ती दिली की आपलं काम संपलं. पण टेस्ट ड्राइव्ह झाल्यावर माझ्याकडे आणखी एक माहिती येऊन पडली, गाडीबद्दलची नाही, माणसाबद्दलची.

फोन बरेच आले. अर्धे लोक फक्त शेवटची किंमत विचारून गायब. एक जण मोठ्यानं गाणी लावून, कानात बाळी, हातभर टॅटू असा आला, शेजारच्या काकू दारातूनच मला खुणावत होत्या की याला चावी देऊ नको. तो मुलगा इतकी सुंदर गाडी चालवायचा की काय सांगू, आरशात बघितल्याशिवाय लेन बदलली नाही, गतिरोधकाच्या बऱ्याच आधी पाय ब्रेकवर. त्याला किंमत जमली नाही म्हणून राहिलं. हे आधी सांगतेय कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणाला वाटेल की मी माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवलं. तसं अजिबात नाहीये.

ज्यांना मी गाडी दिली नाही ते गृहस्थ दिसायला बोलायला अगदी व्यवस्थित. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, लायसन्स चालू, पैसे तयार, किंमतीवर एका शब्दानं घासाघीस नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले चला बघूया. मी शेजारच्या सीटवर बसले, बेल्ट लावला. त्यांनी लावला नाही. गाडी टिंग टिंग करायला लागली तर म्हणाले, "ताई, बाजारात नुसती क्लिप मिळते, ती या खाचेत घालून ठेवली की कटकट बंद. मी पहिल्याच दिवशी घालणार बघा." मी म्हटलं बेल्टच लावा ना, तर हसले आणि पाठीमागून बेल्ट ओढून सीटच्या आणि पाठीच्या मधून घेऊन लावला, म्हणजे अंगावर नाहीच. ते बघून मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. त्या गाडीत पुढच्या एअरबॅग आहेत, त्या बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेल्या असतात, बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि फुगणारी बॅग त्याच्या तोंडावर येते. बेल्टनं मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि हा माणूस गाडीला खोटं सांगायची क्लिप विकत घेणार.

तरी मी म्हटलं जाऊदे, हा त्याच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न आहे, मोठा माणूस आहे. पुढे मोकळा रस्ता लागला तसा त्यांनी वेग वाढवला, डाव्या हातात फोन, कोणालातरी सांगतायत की गाडी बघतोय, बरी आहे. पुढे झेब्रा क्रॉसिंग होतं आणि एक आजोबा आणि त्यांच्याबरोबर दप्तर घेतलेली लहान मुलगी, दोघं अर्ध्या रस्त्यात आलेले. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. हॉर्न वाजवला, लांबलचक, आणि त्या दोघांच्या पुढून गाडी काढली, आजोबांनी त्या मुलीला दंडाला धरून मागे ओढलं ते मी माझ्या काचेतून बघितलं, तिची पाण्याची बाटली खाली पडली. मी ओरडलेच. तर म्हणाले, "अहो थांबतात बरोबर ते. आपण ब्रेक मारत बसलो तर कधी पोचणार."

काट्यावर तेव्हा साठ होते. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणजे नुसतं लक्षात येऊन पाय उचलेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं, त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी वीसेक मीटर. तेवढी जागा तिथे नव्हतीच. ती मुलगी मागे ओढली गेली नसती तर पुढे काय झालं असतं ते ठरवणं त्यांच्या हातात राहिलेलं नव्हतं, आणि हे त्यांना कळत नव्हतं की कळून फरक पडत नव्हता, मला दुसरंच वाटतं.

परत येताना मीच विषय काढला, मुद्दाम, मला खात्री करून घ्यायची होती की आज घाईत होते म्हणून तसं झालं का. गाडी कशासाठी हवीय विचारलं. तर म्हणाले, मित्रांबरोबर शनिवार-रविवार बाहेर जायला, आणि मग स्वतःहूनच, "माझं एक आहे बघा, तीन-चार पेग झाले तरी हात सरळ असतो, आजवर एक ओरखडा नाही." अगदी अभिमानानं. दारूनं आधी हात जात नाही हो, आधी अंदाज जातो, आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं तोच पहिला परिणाम असतो. साध्या ड्रायव्हरच्या रक्तात १०० मिलीलीटरला ५० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल नको आणि नवशिक्याच्या २० च्या वर नको असं आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, ते उगाच नाही.

गाडी दारात लावल्यावर ते लगेच टोकन द्यायला निघाले. मी म्हटलं, घरी बोलून संध्याकाळी कळवते.

घरी दादा आला होता, त्याला सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं एकदम सरळ, लायसन्स आहे ना, पैसे देतोय ना, मग तू कोण ठरवणारी? तू पोलीस आहेस का? आणि तू नाही दिलीस तर तो उद्या दुसऱ्याकडून घेईल, जगातली एकही गाडी कमी होणार नाही, नुकसान फक्त तुझं. दादा वाईट माणूस नाहीये, स्वतः अतिशय जपून चालवतो, म्हणूनच त्याच्याशी वाद घालायला मजबूत मुद्दे लागतात.

दुसऱ्याकडून घेईल हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण हा मुद्दा कुठपर्यंत ताणायचा? समोरच्या माणसाला ते दुसरीकडे मिळेलच म्हणून मी काहीही कोणाच्याही हातात देऊ शकते असं होतं मग. दुसरा जो विकेल त्यानं त्या आजोबांना बघितलेलं नसेल, त्याला काही माहीत नसेल, आणि माहीत नसताना विकणं आणि डोळ्यानं बघून विकणं यात मला फार मोठा फरक वाटतो. शिवाय ही गाडी मला माहीत आहे. मागचे टायर कडक झालेत, ओल्या रस्त्यावर जोरात वळवली तर मागची बाजू सुटू शकते आणि सावरायला त्या गाडीत काही नाही. मी चालवताना हे धरून चालवते. ते धरून चालवणार नाहीत हे मला शेजारी बसून कळलंय.

पोलीस आहेस का, याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. गाडी चालवायला कोण लायक हे ठरवायचं काम सरकारी यंत्रणेचं आहे, बरोबर, आणि प्रत्येक विकणाऱ्यानं आपापले निकष लावायला सुरुवात केली तर काय होईल तेही दिसतं, कोणी जात बघेल, कोणी वय बघेल, कोणी बाई आहे म्हणून देणार नाही. शेजारच्या काकूंनी त्या टॅटूवाल्या मुलाचं तेच केलं असतं. म्हणून मी स्वतःशी एक ठरवलं, अंदाज, कुणकुण, कपडे, बोलणं यातलं काहीही धरायचं नाही, फक्त माझ्या डोळ्यासमोर केलेलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं तेवढंच धरायचं. तेवढं धरूनही उत्तर तेच येत होतं.

कायदा काय म्हणतो तेही रात्री वाचत बसले. बऱ्याच देशांत असं आहे की चालवायला लायक नाही हे माहीत असताना आपली गाडी कोणाला वापरायला दिली आणि त्यानं कोणाला इजा केली तर देणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. विकल्यावर मात्र मालकीच जाते, त्यामुळे सहसा तिथे हा धागा तुटतो. पण अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये वेगळं म्हटलं होतं. एका तरुणाकडे लायसन्स नव्हतं, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तो पुन्हापुन्हा नापास झालेला, त्याच्या नात्यातल्या एका वयस्कर बाईनं गाडीसाठी पैसे दिले आणि डीलरनं गाडी विकली, अपघातात दुसराच माणूस जबर जखमी झाला. कोर्ट म्हणालं की पैसे देणारी असो की विकणारा, सगळं माहीत असेल तर हा नियम त्यांनाही लागू होऊ शकतो. माझ्या बाबतीत खटला वगैरे होण्याचा प्रश्नच नव्हता, यांच्याकडे लायसन्स होतं. मला त्यातलं पटलं ते एवढंच की कोर्टानं मालकी कोणाची एवढ्यावर न थांबता, तुला काय माहीत होतं हे विचारलं.

आणि मुख्य म्हणजे या व्यवहारात तिसरा माणूस असतो ज्याला कोणी विचारत नाही. २०२१ मध्ये जगभरात रस्त्यावर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवाली, दुचाकीवाली. म्हणजे ज्यांच्याभोवती पत्रा नसतो अशी. गाडीनं समोरून धडक दिली तर ५० च्या वेगाला जो मरणाचा धोका असतो तो ६५ ला साडेचार पट होतो. घेणारा मोठा माणूस आहे, स्वतःच्या जिवाचं तो बघेल, हे बेल्टपुरतं मी मान्य केलं होतं. त्या दप्तरवाल्या मुलीच्या बाबतीत मान्य करणारी मी कोण.

दादाचा शेवटचा सल्ला होता की मग निदान खोटं सांग, दुसऱ्यानं टोकन दिलं म्हण, विषय संपला, कशाला वाकडं घ्यायचं. ते सोपं होतं आणि पुष्कळ लोक तेच करतील, आणि घरी एकटी असणाऱ्या बाईला किंवा समोरचा माणूस तापट असेल तिथे मी तेच करा म्हणेन. पण मला वाटलं, खरं कारण सांगितलं नाही तर त्यांना कधीच कळणार नाही की त्या टेस्ट ड्राइव्हमध्ये काही चुकलं. फोन केला. म्हटलं, गाडी तुम्हाला देणार नाही, पैशाचा प्रश्न नाहीये, क्रॉसिंगवर तुम्ही थांबला नाहीत आणि पिऊन चालवता असं तुम्हीच म्हणालात, मला ते जमणार नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "ताई, तुम्ही गाडी विकताय का मुलगी देताय?" मी म्हटलं, मुलगी दिली असती तर तिला निदान नाही म्हणता आलं असतं. मग चिडले, आणखी पैसे देतो म्हणाले, मग मला अक्कल शिकवली, मग फोन ठेवला. आवाज माझाही थरथरत होता पण शब्द बदलले नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस कोणी आलंच नाही. जाहिरातीत किंमत खाली आणावी लागली, आणि शेवटी जो घेऊन गेला त्यानं त्याहून थोडं कमीच दिलं. हे नुकसान खरं आहे, ज्याला पैशाची गरज आत्ता आहे त्याला हे परवडेलच असं नाही आणि त्यानं वेगळा निर्णय घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

ज्याला दिली तो नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा, वडिलांना घेऊन आला. आणि इथे दादानं मला बरोबर पकडलं, की अगं, आकड्यांनी बघायला गेलं तर नवे ड्रायव्हरच जास्त अपघात करतात, मग याला कशी देतेस? आहे ते खरं. टेस्ट ड्राइव्हला त्यानं गाडी बंद पाडली, क्लच वर उचलतो हे सांगूनही परत बंद पाडली, घामाघूम झाला, मागून हॉर्न वाजायला लागले. पण सिग्नल पिवळा झाला तसा थांबला, फोन वाजला तर खिशातून काढलासुद्धा नाही. उतरल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मागच्या टायरचा, जाहिरातीत लिहिलंय ते किती दिवसांत बदलायला हवेत म्हणून. मी त्याला ते चार आकडे दाखवले, तो खाली बसून मोबाइलच्या टॉर्चनं चारही टायरचे वाचत बसला. न येणं आणि पर्वा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, न येणारा शिकतो. मी किंमतीतून मागच्या दोन टायरचे पैसे वजा करून दिले, अट एकच, मोठ्या प्रवासाला निघायच्या आधी बदलायचे. त्याच्या वडिलांनी ते माझ्यासमोर त्याच्याकडून वदवून घेतलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे वेगवेगळं असतं, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आहे, नाव ट्रान्सफर होईपर्यंत दंड, नोटिसा आणि कधीकधी अपघाताची जबाबदारीसुद्धा जुन्या मालकाच्या दारात येऊ शकते. म्हणून पैसे मिळाले की चावी देऊन मोकळं व्हायचं नाही. डिलिव्हरी नोट केली, त्यावर तारीख, गाडी हातात दिल्याची वेळ आणि काट्यावरचे किलोमीटर, दोघांच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची आणि लायसन्सची कॉपी. ट्रान्सफरचा अर्ज त्याच्याबरोबर जाऊन भरला, इन्शुरन्सला लेखी कळवलं. गाडीच्या स्टिरिओतून माझा फोन आणि सेव्ह केलेला घरचा पत्ता काढून टाकला, हे लोक विसरतात. दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, जॅक, स्टेपनी कशी काढायची ते दाखवून दिलं.

दादाला अजून पटलेलं नाही. त्याला कुठूनसं कळलं की त्या गृहस्थांनी दुसरी गाडी घेतली, माझ्या गाडीपेक्षा मोठी, आणि त्यानं ते मला मुद्दाम येऊन सांगितलं. मी म्हटलं, ज्यानं विकली त्याच्या शेजारी बसून त्यांनी कशी चालवली ते मला माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या शेजारी बसून कशी चालवली ते माहीत होतं.

त्या मुलाचा परवा फोन आला होता, टायर बदलले, आता हवा किती ठेवायची विचारत होता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय, माणसं आणि सामान भरलेलं असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो तोही तिथेच आहे, आणि टायर गार असताना मोजायची, एवढं सांगितलं.